कमी लेखलेला खेळाडू कसा ओळखावा?



नव्या मुंबईंतील शिरवणे हें गांव शहराच्या आधींचें आहे. आंखीव उपनगरें त्याच्या भोंवतालीं मागाहून उभीं राहिलीं, आणि २००८ सालीं नेरूळ येथें, शिरवण्यापासून अगदीं जवळ, डी. वाय. पाटील क्रीडांगण खुलें झालें. तेव्हांपासून या भागांतील घरांत क्रिकेट हा दूरच्या बातमीचा विषय न राहतां शेजारच्या अंगणाचा विषय झाला आहे. प्रत्यक्ष सामन्याच्या जोडीनें एक बैठा खेळहि आतां घरोघरीं परिचयाचा झाला आहे. मैदानावर खेळणाऱ्या खेळाडूंतून प्रत्येकानें आपापला काल्पनिक संघ निवडावयाचा, आणि त्या खेळाडूंनीं खऱ्या सामन्यांत जें कांहीं केलें असेल त्यावरून आपल्या संघाचे गुण मोजावयाचे, असा हा खेळ. त्यांतील एकाच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. ज्याच्याकडे इतरांचें लक्ष नाहीं, पण ज्याची उपयुक्तता मोठी आहे, असा खेळाडू कसा ओळखावा?

हा खेळ मूळचा आपल्याकडील नव्हे. १९८० सालीं अमेरिकेंत डॅनिएल ओक्रेंट या लेखकानें व त्याच्या मित्रांनीं तो बेसबॉलसाठीं सुरू केला, आणि न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहांत ही मंडळी जमत असत त्याच्या नांवावरून त्यास ‘रोटिसरी’ असें नांव पडलें. आपल्याकडे तो क्रिकेटच्या वाटेनें आला, आणि दुर्दैवानें पैशाच्या वाटेनेंहि आला. भ्रमणध्वनीवर पैसे लावून संघ निवडण्याची साथ इतकी पसरली कीं अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली. ज्या घरांतील कमाई या वाटेनें गेली त्या घरांस या कायद्याचें प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाहीं. मी ज्या खेळाविषयीं बोलत आहें त्यास कागद, पेन्सिल आणि चार-पांच हौशी माणसें यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. पैसा वगळला म्हणजे त्यांत पारख तेवढी उरते, आणि पारख ही अभ्यासानें येणारी गोष्ट आहे.

प्रथम खेळाची रीत पाहूं. महिलांच्या प्रीमियर लीग स्पर्धेंत पांच संघ आहेत. तेव्हां पांच कुटुंबांनीं खेळावयाचें असें धरूं. प्रत्येक कुटुंबानें अकरा खेळाडू घ्यावयाचे, त्यांत एक यष्टिरक्षक असलीच पाहिजे. प्रत्येक धांवेस १ गुण, प्रत्येक बळीस २० गुण, झेल किंवा यष्टिचीत यांस १० गुण. एकदां एकानें घेतलेला खेळाडू दुसऱ्यास मिळावयाचा नाहीं. अशा पाळीपाळीच्या निवडीस इंग्रजींतून आलेला ‘ड्राफ्ट’ हा शब्द रूढ आहे. पाळी सर्पगतीनें फिरते: पहिल्या फेरींत एकपासून पांचपर्यंत, दुसरींत पांचपासून एकपर्यंत, आणि पुन्हां तसेंच. त्यामुळें ज्यास पहिली निवड मिळाली त्यास पुढील निवड एकदम दहावी मिळते. मधल्या काळांत आठ खेळाडू इतरांच्या पदरांत पडलेले असतात. म्हणून कोणास घ्यावें या प्रश्नाइतकाच, केव्हां घ्यावें हाहि प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आतां जेथें हा खेळ जन्मला त्या बेसबॉलकडे क्षणभर वळूं, कारण आपल्या प्रश्नाचें मर्म तेथील एका जागेवरून फार चांगलें समजतें. दुसऱ्या व तिसऱ्या तळाच्या मध्यें जो क्षेत्ररक्षक उभा राहतो त्यास ‘शॉर्टस्टॉप’ म्हणतात. उजव्या हातानें खेळणारे फलंदाज बहुधा आपल्या डावीकडे चेंडू ओढतात, आणि म्हणून जमिनीलगत सुसाट येणारे कितीतरी चेंडू याच्याच अंगावर येतात. तो अडवून पलीकडच्या पहिल्या तळावर नेमका फेकण्यास चपळ पाय आणि दमदार हात लागतो. असें अंग असलेलीं माणसें थोडीं. म्हणून अनेक वर्षें या जागेवरील खेळाडूकडून फलंदाजीची अपेक्षाच कोणी फारशी करीत नसे. १९८२ सालापासून बाल्टिमोरच्या कॅल रिप्कन या सहा फूट चार इंच उंचीच्या खेळाडूनें ही समजूत मोडली. धिप्पाड माणूस त्या जागीं चालावयाचा नाहीं असें मानलें जात असतां त्यानें ती जागा वर्षानुवर्षें सांभाळली, ओळीनें २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम केला, आणि कारकीर्दींत ४३१ होमरन मारले.

काल्पनिक संघ निवडणाऱ्यास यांतून काय शिकावयाचें? मधल्या मैदानावरील एखादा खेळाडू शॉर्टस्टॉपपेक्षां अधिक फलंदाजी करीत असेल. परंतु तसे खेळाडू दहा मिळतील. चांगली फलंदाजी करणारा शॉर्टस्टॉप दोनच मिळतील. तेव्हां खेळाडूचें मोल त्याच्या एकूण गुणांवर ठरत नाहीं. तो न मिळाल्यास त्याच्या जागीं जो घ्यावा लागेल, त्याच्याहून हा किती सरस आहे, या फरकावर तें ठरतें. गणपतींत जास्वंदीचा भाव चढतो तो फुलाचा रंग बदलला म्हणून नव्हे; त्या दिवशीं दुसरें फूल त्याच्या जागीं चालत नाहीं म्हणून. आजच्या बेसबॉलमध्यें मात्र उत्तम फलंदाजी करणारे शॉर्टस्टॉप पूर्वीपेक्षां पुष्कळ आहेत, म्हणून तेथें ही टंचाई कमी झाली आहे. कोणत्या जागेची टंचाई आहे याचा हिशेब दरवर्षीं नव्यानें मांडावा लागतो.

आपल्या क्रिकेटमध्यें शॉर्टस्टॉपच्या जवळ जाणारी जागा यष्टिरक्षकाची. संघ पांच, म्हणून नेमानें खेळणाऱ्या यष्टिरक्षकहि पांचच. सलामीच्या फलंदाज मात्र दहा. आतां केवळ उदाहरणासाठीं कांहीं आकडे कल्पूं. समजा, सलामीच्या सर्वोत्तम फलंदाजाकडून ३२० गुण अपेक्षित आहेत आणि पांचवीकडून २७०. म्हणजे सर्वोत्तमेस आधीं घेऊन ५० गुणांचा लाभ. पांच यष्टिरक्षकांकडून मात्र अनुक्रमें २५०, २२०, १४०, ६० व ५० गुण अपेक्षित आहेत असें धरा. जो मागें राहील त्याच्या वाट्यास ५० गुणांची यष्टिरक्षक येईल. तेव्हां २५० गुणांची यष्टिरक्षक ३२० गुणांच्या फलंदाजापेक्षां वरकरणीं उणी दिसली, तरी तिच्यापासून होणारा लाभ २०० गुणांचा आहे.

परंतु याहूनहि सूक्ष्म गोष्ट पुढेंच आहे. यादींतील दुसरी यष्टिरक्षक २२० गुणांची आहे. तिचें नांव फारसें कोणाच्या तोंडीं नसेल, तर पहिल्या दोन फेऱ्यांत इतरांनीं मोठ्या नांवांवर उड्या टाकाव्यात, आणि आपण तिसऱ्या फेरींत तिला शांतपणें उचलावें. लाभ १७० गुणांचा. येथें फक्त एक दक्षता हवी. २२० आणि १४० यांच्या मध्यें एक कडा आहे. कड्याच्या वर एकच नांव शिल्लक राहिलें आणि आपली पुढील पाळी लांब असली, तर वाट पाहणें म्हणजे कड्यावरून उडी घेणें होय.

हें गणित कल्पित झालें. खऱ्या बाजारांत काय घडतें तें पाहूं. या स्पर्धेचा पहिला लिलांव १३ फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबईंत झाला. प्रत्येक संघास १२ कोटी रुपये खर्चावयास होते. गुजरातनें बेथ मूनी हिला २ कोटींस, बंगळूरनें रिचा घोष हिला १ कोटी ९० लाखांस, मुंबईनें यास्तिका भाटिया हिला दीड कोटीस, उत्तर प्रदेशच्या संघानें अलिसा हीली हिला ७० लाखांस, आणि दिल्लीनें तानिया भाटिया हिला ३० लाखांस घेतलें. या पांचहि जणी यष्टिरक्षण करणाऱ्या. ४ मार्च रोजीं नेरूळच्या मैदानावर पहिलाच सामना झाला आणि त्यांत मूनीस दुखापत होऊन तिची स्पर्धा तेथेंच संपली. उरलेल्या चौघींत सर्वांत अधिक धांवा कोणी केल्या? किंमतीच्या क्रमांत पांचांत चौथी असलेल्या हीलीनें, २५३. तिच्या खालोखाल यास्तिकानें, २१४.

यांत गूढ कांहीं नाहीं. हीली व यास्तिका सलामीस येत. रिचा मधल्या फळींत, डाव बराच सरल्यावर येई. तानिया त्याहून खालीं. वीस षटकांच्या डावांत १२० चेंडू असतात. जी पहिल्या चेंडूस उभी राहते तिच्यापुढें ते सर्व चेंडू पसरलेले असतात. जी पंधराव्या षटकांत येते तिला कितीहि बळ असलें तरी तीसच चेंडूंची वांटणी मिळणार, आणि त्यांतहि भागीदारीण असते. म्हणून कोणत्याहि खेळाडूचें नांव वहींत लिहितांना त्यापुढें दोन प्रश्न लिहावेत: ती कितव्या क्रमांकावर येते? आणि ती किती षटकें टाकते? गुण हे कौशल्य आणि संधी यांच्या गुणाकारानें होतात. कौशल्य सर्वांस दिसतें म्हणून त्याची किंमत चढते. संधी कोणी मोजीत नाहीं म्हणून ती स्वस्त राहते.

त्याच लिलांवांतील आणखी चार नांवें घेऊं आणि आपल्या गुणपद्धतीनें त्यांचा हिशेब मांडूं. मात्र झेल सोडून, केवळ धांवा आणि बळी धरून. सर्वांत मोठी बोली लागली ती सांगलीच्या स्मृति मानधना हिच्यावर: ३ कोटी ४० लाख, म्हणजे बंगळूरच्या थैलीचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग. त्या वर्षीं तिच्या धांवा झाल्या १४९. एका गुणास सुमारें २ लाख २८ हजार रुपये पडले. दिल्लीची कर्णधार मेग लॅनिंग १ कोटी १० लाखांस घेतलेली. तिनें ३४५ धांवा करून स्पर्धेंत पहिलें स्थान मिळविलें. तिचा भाव गुणास सुमारें ३२ हजार. वेस्ट इंडीजची हेली मॅथ्यूज हिला लिलांवाच्या पहिल्या पुकाऱ्यांत कोणींच घेतलें नाहीं. मागाहून तिचें नांव पुन्हां आलें तेव्हां मुंबईनें पायाभूत किंमतीस, ४० लाखांस, तिला घेतलें. तिनें सलामीस येऊन २७१ धांवा केल्या आणि १६ बळीहि घेतले. एकूण गुण ५९१. गुणास सुमारें ६,८०० रुपये. आणि कोलकत्याची डावखुरी फिरकी गोलंदाज साइका इशाक ही केवळ १० लाखांस मिळाली होती. तिचे बळी १५, गुण ३००, भाव गुणास ३,३०० रुपयांच्या आसपास. नेरूळच्या त्या पहिल्याच सामन्यांत तिनें ११ धांवांत ४ बळी घेतले होते, आणि गुजरातचा डाव ६४ धांवांत आटोपला होता.

मुंबईनें ती स्पर्धा जिंकली. ब्रेबोर्न मैदानावरील अंतिम सामन्यांत मॅथ्यूजनें ५ धांवांत ३ बळी घेतले, आणि मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. पहिल्या पुकाऱ्यांत जिच्यासाठीं एकहि हात वर झाला नव्हता, तिच्या हातीं अखेरीस तो मान आला.

असें कां व्हावें? बोली लावणारीं माणसें कांहीं अडाणी नसतात. त्यांच्या चुकांना नेहमींचीं कारणें आहेत, आणि तीं आपल्या घरच्या निवडींतहि तशींच आढळतात. पहिलें कारण नांवाचें वजन. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपण दुसऱ्यास लावतों. स्वतः मात्र सोनूबाईचें नांव पुकारलें कीं हात वर करतों. दुसरें कारण क्रमाचें. आरंभीं थैल्या भरलेल्या असतात तेव्हां बोली चढते. जीं नांवें मागाहून येतात त्यांच्या वेळीं थैल्या रिकाम्या झालेल्या असतात. त्या नांवांत गुण कमी म्हणून तीं स्वस्त नसतात. तीं केवळ उशिरां आलेलीं असतात. तिसरें कारण नियमाचें. मैदानावरील अकरांत साधारणतः चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणून चांगल्या परदेशी खेळाडूंची गर्दी होते आणि त्यांतील कित्येकींना भाव मिळत नाहीं. आपल्या घरगुती खेळांत हा निर्बंध ठेवला नसेल, तर ही सवलत आपणांस फुकट मिळालेली आहे. चौथें कारण असें कीं, दोन कामें करणाऱ्या खेळाडूचीं तीं दोन्ही कामें मध्यम दिसतात. त्यांची बेरीज कोणी करून पाहत नाहीं. आणि मॅथ्यूजचें सारें मोल त्या बेरजेंतच होतें.

पुरुषांच्या स्पर्धेंतहि हेंच घडलें होतें, आणि त्याचा शेवटचा अंक याच नेरूळच्या मैदानावर झाला होता. २००८ च्या पहिल्या इंडियन प्रीमियर लीगमध्यें महेंद्रसिंग धोनी यास चेन्नईनें १५ लाख डॉलर दिले. राजस्थानचा संघ आठ संघांत सर्वांत कमी किंमतीस विकला गेलेला. त्यांनीं शेन वॉटसन यास १ लाख २५ हजार डॉलरांस आणि सोहेल तन्वीर यास १ लाख डॉलरांस घेतलें. वॉटसननें ४७२ धांवा व १७ बळी, तन्वीरनें २२ बळी अशी कामगिरी केली. सलामीस त्यांनीं गोव्याच्या स्वप्नील असनोडकर या तरुणास उभें केलें; त्यानें ९ सामन्यांत ३११ धांवा केल्या. १ जून २००८ च्या रात्रीं नेरूळास अंतिम सामना झाला आणि राजस्थाननें चेन्नईस अखेरच्या चेंडूवर हरविलें. ज्या गोव्याकडे निवड करणाऱ्यांचें लक्ष एरवीं क्वचितच जात असे, तेथील फलंदाज हा त्या विजयाचा एक खांब होता.

कमी लेखलेले खेळाडू कोठें शोधावेत याचें उत्तर यांतच आहे: मोठ्या केंद्रांच्या बाहेर. सोलापूर जिल्ह्यांतील किरण नवगिरे हिचेंच पाहा. एप्रिल २०२२ मध्यें नागालँडकडून खेळतांना तिनें अरुणाचल प्रदेशाविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यांत नाबाद १६२ धांवा केल्या. त्या प्रकारच्या सामन्यांत दीडशेंहून अधिक धांवा करणारी ती पहिली भारतीय महिला. प्रतिपक्ष दुबळा, म्हणून ती खेळी मोजावयाची नाहीं असें म्हणणें सोपें होतें. उत्तर प्रदेशच्या संघानें तिला ३० लाखांस घेतलें, आणि ५ मार्च २०२३ रोजीं नेरूळास गुजरातविरुद्ध तिनें आपल्या पहिल्याच सामन्यांत ५३ धांवा काढल्या. दुबळ्या प्रतिपक्षाविरुद्ध केलेल्या धांवांस कमी वजन द्यावें, हें खरें. परंतु कमी वजन म्हणजे शून्य नव्हे.

दुसरें ठिकाण म्हणजे राखीव बांक. मूनी जखमी झाली तेव्हां गुजरातनें तिच्या जागीं दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्फार्ट हिला बोलाविलें. लिलांवांत तिला कोणींहि घेतलें नव्हतें. हीच वुल्फार्ट २०२५ च्या विश्वचषकांत ५७१ धांवा करून सर्वांच्या पुढें राहिली, आणि २ नोव्हेंबर रोजीं याच नेरूळच्या मैदानावर भारताविरुद्धच्या अंतिम सामन्यांत तिनें १०१ धांवा केल्या. आणि तो सामना भारताच्या बाजूस कोणी झुकविला? शफाली वर्मा हिनें. भारताच्या मूळच्या पंधरा खेळाडूंत तिचें नांव नव्हतें. प्रतिका रावल २६ ऑक्टोबर रोजीं नेरूळास जखमी झाली म्हणून ती आली. अंतिम सामन्यांत तिनें ८७ धांवा केल्या, दोन बळी घेतले, आणि सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. भारतानें ५२ धांवांनीं विश्वचषक जिंकला. म्हणून आपल्या वहींत प्रत्येक मोठ्या नांवासमोर आणखी एक नांव लिहून ठेवावें: ही न खेळल्यास तिच्या जागीं कोण खेळेल? दुखापतीची बातमी सर्वांस एकाच वेळीं समजते. दुसरें नांव ज्याच्या वहींत आधींच असतें तो त्या क्षणीं पुढें असतो.

आतां सावधगिरीचे दोन शब्द. २०२३ सालीं १४९ धांवा करणाऱ्या मानधनानें पुढील वर्षीं ३०० धांवा केल्या, आणि तिच्या नेतृत्वाखालीं बंगळूरनें १७ मार्च २०२४ रोजीं दिल्लींत स्पर्धा जिंकली. मधल्या फळींतील म्हणून मीं जिचा उल्लेख केला त्या रिचा घोषनेंहि त्या वर्षीं अडीचशेंहून अधिक धांवा केल्या. आठ-दहा सामन्यांचे आकडे म्हणजे मूठभर तांदूळ. त्यावरून पोत्याची परीक्षा होते, पण ती चुकूंहि शकते. शिवाय मुंबईच्या खेळाडूंस १० सामने मिळाले आणि बंगळूरच्या खेळाडूंस ८, हेंहि वरच्या हिशेबांत ध्यानांत घ्यावयास हवें. एका वर्षाच्या अपयशानें ज्याचा भाव उतरला आहे, पण ज्याची फलंदाजीची जागा आणि प्रकृति कायम आहे, असा मोठा खेळाडू हाहि कमी लेखलेलाच म्हणावयाचा.

दुसरी सावधगिरी उलट बाजूची. स्वस्त तें सर्व चांगलें नसतें. पुष्कळ खेळाडू स्वस्त असतात ते खेळत नाहींत म्हणूनच. स्वस्त नांवावर हात ठेवण्यापूर्वीं त्या स्वस्ताईचें कारण सांगतां आलें पाहिजे. ‘परदेशी खेळाडूंच्या गर्दींत मागें पडली’, ‘दुखापतींतून आतां परत आली’, ‘या वर्षीं सलामीस येणार आहे’, असें एखादें कारण सांगतां आलें तर ती निवड. कारण सांगतां आलें नाहीं तर तो केवळ जुगार, मग त्यांत पैसा असो वा नसो. २०२४ च्या त्या अंतिम सामन्यांत १२ धांवांत ४ बळी घेणारी श्रेयांका पाटील ही १० लाखांस घेतलेली खेळाडू. पण तिच्याविषयीं कारण सांगतां येत होतें. पहिल्याच वर्षीं बंगळूरनें तिला संघांत खेळविलें होतें, म्हणजे संधीचें दार तिला उघडें होतें.

एवढें सारें ध्यानांत घेऊन निवडीच्या आदल्या संध्याकाळीं काय करावें? एका कागदावर जागांचे चार रकाने करावेत: सलामी, मधली फळी, यष्टिरक्षक, गोलंदाज. अष्टपैलू खेळाडू ज्या रकान्यांत टंचाई असेल तेथें लिहावा. प्रत्येकीपुढें मागील दोन वर्षांचे सामने, धांवा, बळी, फलंदाजीचा क्रमांक आणि षटकें लिहून आपल्या पद्धतीनें अपेक्षित गुण मांडावेत. मग प्रत्येक रकान्यांत पांचव्या नांवाखालीं एक रेघ ओढावी, आणि प्रत्येकीचे गुण त्या पांचव्या नांवापेक्षां किती अधिक आहेत तो फरक लाल पेन्सिलीनें लिहावा. निवड करतांना पाहावयाचा तो हा लाल आकडा. शेवटीं, आपल्या मित्रमंडळींत कोणतें नांव केव्हां उचललें जाईल याचा अंदाज बाजूस लिहावा. लाल आकडा मोठा आणि अंदाज उशिराचा, असें जें नांव असेल तोच आपला कमी लेखलेला खेळाडू.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मतें तो खेळाहून मोठा आहे. १९७३ सालीं पुण्यांत महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली तेव्हां तींत अवघे तीन संघ होते. पुरुष व महिला खेळाडूंस आंतरराष्ट्रीय सामन्यासाठीं समान मानधन देण्याची घोषणा भारतीय नियामक मंडळानें केली ती २०२२ च्या ऑक्टोबरांत. मधल्या जवळ जवळ पन्नास वर्षांत मुली खेळत होत्या, धांवा करीत होत्या, बळी घेत होत्या. त्यांच्या खेळांत न्यून होतें म्हणून त्यांचें मोल झालें नाहीं असें नव्हे. मोजणारांनीं त्यांच्यासाठीं रकानाच आंखला नव्हता. आपल्या घरांत या खेळाचा कागद मांडला जाईल तेव्हां मुलामुलींस शेजारीं बसवावें, आणि त्यांना प्रत्येक नांवापुढें एकच प्रश्न विचारावयास शिकवावें: हिचें नांव किती मोठें आहे तें राहूं द्या, हिनें काय केलें आहे आणि हिला किती संधी मिळाली आहे? ज्या मुलास हा प्रश्न खेळांत विचारण्याची संवय लागेल, त्यास पुढें शाळेंत, कचेरींत आणि स्वतःच्या घरांतहि तो विचारल्यावांचून राहवणार नाहीं.